बोरखळीचा वाकडा बांध आणि तरटेसाहेब

गौरव समितीच्या पत्रात म्हटलं आहे, की पंचाहत्तरीच्या गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात तरटेसाहेबांच्या पहिल्या ओळखीपासून करावी, पुढे त्यांचं कार्य, मग स्वभाव, आणि शेवटी शुभेच्छा. समितीचे चिटणीस आमचे गुरुजीच आहेत, तेव्हा शिस्त मोडायची हिंमत नाही. पण श्री. भानुदास यशवंत तरटे यांची आणि माझी पहिली भेट म्हणजे सरळ सरळ भांडण होतं. ते भांडण वरवर एका वर्षात मिटलं. आतून मात्र ते मी तीस वर्षं मिटू दिलं नाही. ते कसं, हे सांगण्यासाठीच मी हा लेख लिहायचं कबूल केलं आहे. शब्दांची मर्यादा ओलांडली जाईल, त्याबद्दल गुरुजींनी आत्ताच राग गिळावा.

बहात्तरचा दुष्काळ पडला त्या वर्षाची दिवाळी नुकतीच झाली होती. झाली होती म्हणजे तिथी उलटली होती, एवढंच. कर्जत तालुक्यातल्या आमच्या बोरखळीत विहिरींनी तळ गाठला होता आणि निम्मी जनावरं छावणीत गेली होती. अशात एक दिवस सायकलच्या कॅरियरला लाकडी पेटी बांधून आणि खांद्यावर तिकाटणं घेऊन एक उंच, काळेसावळे गृहस्थ माझ्या शेतात आले. सरकारी खात्यात बांधबंदिस्तीचं काम पाहणारे नवे सुपरवायझर, असं त्यांच्याबरोबरच्या तलाठ्यांनी सांगितलं. गाव कुठलं विचारलं तर म्हणाले, सोनईकडचा. मी मनात म्हटलं, झालं! काळ्या कसदार जमिनीत वाढलेला माणूस आता आमच्या मुरमाडात येऊन आम्हाला शेती शिकवणार.

मी तेव्हा बत्तिशीचा, गावचा पंच, चांगल्या अठरा एकरांचा मालक. नाकाने कांदे सोलण्याचं वयही होतं आणि सवयही होती.

साहेबांनी तिकाटणं उभं केलं, त्यावर पितळेची दुर्बीण बसवली आणि आकडे लिहिलेली लांब लाकडी पट्टी माझ्या धाकट्या भावाच्या हातात दिली. पट्टी धरायला त्यांच्याकडे खात्याचा माणूस असे, पण त्यांची रीत वेगळी होती. ज्याची जमीन, त्याच्याच घरच्या माणसाने पट्टी धरायची, आणि ज्याची जमीन त्यानेच आधी दुर्बिणीतून पाहायचं. इतर गावांत आखणी करणारे लोक मालकाला जवळ फिरकू देत नसत. तरटेसाहेब त्याला हाताला धरून आणत.

मी एक डोळा मिटून पाहिलं आणि दचकून मागे झालो. माझा भाऊ पट्टीसकट डोक्यावर उभा होता. पाय आभाळात, टोपी खाली.

"साहेब, मानूस उलटा दिसतोय ह्यात!"

"दिसतोच. आतल्या भिंगांची रचनाच तशी आहे. माणूस उलटा दिसला तरी जमिनीची उंची बरोबर कळते."

"माज्या सख्ख्या भावाला डोक्यावर उबं करनारं यंत्र मला माज्याच जमिनीचा उतार सांगनार व्हय?"

जमलेली माणसं खो खो हसली. साहेबही हसले. पण मी काही गमतीत बोललो नव्हतो. जे यंत्र डोळ्यांदेखत खोटं दाखवतं, त्याच्या आकड्यांवर विश्वास ठेवायचा नाही, ही गोष्ट माझ्या डोक्यात तेव्हा पक्की बसली आणि मी ती पारावर बसून गावभर पसरवली. महिनाभर बोरखळीत साहेबांना कुणी तरटे म्हणत नव्हतं, 'उलटे साहेब' म्हणत होते. हे त्यांना ठाऊक होतं. एकदा चहा पिताना मला म्हणाले, "नाना, नाव चांगलं ठेवलंत. पण बांध सुलटा घालू."

भांडण खरं होतं ते बांधाच्या जागेवरून. ज्यांनी शेती केलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. पावसाचं पाणी उतारावरून धावतं आणि जाताना माती घेऊन जातं. ते अडवायचं तर उताराला आडवा बांध घालावा लागतो, आणि त्या बांधाचं टोक न् टोक एकाच पातळीत असावं लागतं. पातळी चुकली, की सगळं पाणी खोलगट कोपऱ्याकडे धाव घेतं आणि तिथे बांध फोडतं. आता जमीन काही पाटासारखी नसते. त्यामुळे सारख्या पातळीची रेघ नेहमी वळणावळणाची येते, आणि ती कुणाच्या हद्दी पाहत नाही. माझ्या सर्वांत चांगल्या पाच एकरांच्या तुकड्यात साहेबांची रेघ वरच्या कोपऱ्यातून शिरली आणि सापासारखी वळत खालच्या अंगाला बाहेर पडली. एका सलग शेताची दोन वेडीवाकडी शेतं होणार होती. औत वळवायला जागा उरणार नव्हती. माझं म्हणणं एवढंच, की बांध घाला, पण माझ्या शिवेवरून घाला, सरळ.

माझ्या शिवेला लागून खाली साळव्यांचं तीन एकर रान होतं. किसन साळवे आणि त्यांच्या पत्नी गयाबाई. छप्पन सालानंतर त्यांच्या घराने धम्म स्वीकारला, गावकीची जुनी कामं सोडली आणि सगळा जीव त्या तीन एकरांत घातला. दगड वेचून वेचून त्या नवराबायकोने ते रान असं केलं होतं, की माझ्या भावकीतले लोक जाता-येता तिरक्या डोळ्याने पाहत. दुष्काळात किसन खडीच्या कामावर लांब खर्ड्याकडे गेले होते. घर आणि रान गयाबाई एकट्या सांभाळत होत्या.

साहेबांची आणखी एक रीत इथे सांगतो. आखणीच्या आधी ते नेहमी खालच्या शेताच्या मालकाकडे जात आणि विचारत, पाणी कुठून येतं? मी एकदा चिडून म्हटलं, जमीन माझी, अन् विचारता साळव्यांना? ते म्हणाले, "वरच्या माणसाला पाणी जाताना दिसतं. खालच्याला ते येताना दिसतं. येणारं पाणी माणूस विसरत नाही." गयाबाईंशी ते 'तुम्ही, आपण' करून बोलत. आमच्या गावात त्या काळी कुणी असं बोलत नव्हतं, मीही नाही. गयाबाईंनी शेताच्या कडेने चालत जाऊन हाताने दाखवलं, "हितनं येतंय, आन् ह्या कोपऱ्यात गोळा हुतंय. नानांच्या रानाचा ह्यो कोपरा लई खोल हाय." साहेबांनी वहीत लिहून घेतलं. मी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं.

शेवटी संमतीच्या कागदावर मी सही केली, ती पटलं म्हणून नाही. काम अडलं असतं तर गावाची रोजी अडली असती आणि लोकांनी मला पारावर बसू दिलं नसतं. साहेबांनी रेघेवर बाभळीच्या खुंट्या ठोकल्या, कुदळीने जमिनीवर डागबेल, म्हणजे कुठे खणायचं त्याची खूण, ओढली, आणि संक्रांतीनंतर दुष्काळी काम म्हणून बांधाला हात लागला. पुरुष खणत होते, बाया पाट्या वाहत होत्या. त्या बायांत गयाबाई होत्या.

होळीच्या आधी साहेबांना पाच-सहा दिवसांसाठी दुसऱ्या कामावर जावं लागलं. टोळी काम करत करत माझ्या तुकड्याच्या तोंडाशी आली होती. मी सकाळी शेतात गेलो, मुकादमाच्या हातातली कुदळ घेतली आणि शिवेच्या कडेने नवी, सरळ डागबेल ओढली. मुकादमाने विचारलं, "साहेबांचा हुकूम हाय का?" मी म्हणालो, "हाय." एवढा एकच शब्द. साहेब परत आले तेव्हा बांध माझ्या शिवेवर कमरेइतका उभा होता, आणि शेतातल्या खुंट्या रिकाम्याच उभ्या होत्या. त्या उपटायचे कष्टही मी घेतले नव्हते.

साहेबांनी दुर्बीण लावून बांधाचं टोक न् टोक तपासलं. दोन तास उन्हात उभे होते. मग माझ्याजवळ येऊन म्हणाले, "नाना, हा बांध मोडायला हवा. पण मोडला तर एवढ्या माणसांचं आठवड्याचं काम बाद होतं. त्यांना मजुरी मिळणार नाही. घरी चुली पेटायच्या नाहीत." शेवटी त्यांनी बांध राहू दिला, खोल कोपऱ्यात भर घालून तो उंच केला आणि पाणी बाहेर काढायला दगडी सांडवा मोठा करवून घेतला. मला वाटलं, मी जिंकलो. त्या संध्याकाळी मी पारावर फार बडबड केली.

पुढच्या पावसाळ्यात पाऊस आला, आणि असा आला की तीन वर्षांची कसर एका आठवड्यात निघाली. आर्द्रा नक्षत्रात एका दुपारी माझ्या शेतात पाणी तुंबलं. सगळं पाणी त्या खोल कोपऱ्यात दाटलं, सांडव्याला ते पेलेना, आणि बांध फुटला. आवाज मी घरात ऐकला. पळत गेलो तोवर होत्याचं नव्हतं झालं होतं. साळव्यांची बाजरी नुकतीच हातभर आली होती. ती नव्हती. बाजरीखालची मातीही नव्हती. तीन एकरांपैकी दोन एकरांवर पांढरा मुरूम उघडा पडला होता. गयाबाई त्या मुरमात उभ्या होत्या. त्या रडत नव्हत्या. पायाने जमीन टोकरून पाहत होत्या, की खाली कुठे माती उरली आहे का.

आठवड्याची मजुरी राखायला साहेबांनी जो बांध मोडला नाही, त्या मजुरीत गयाबाईंची मजुरीही होती. हे मला त्या क्षणी कळलं आणि मी माघारी वळून घरी आलो. दोन दिवस मी शेताकडे गेलो नाही. भ्यालो होतो, दुसरं काही नाही.

श्रावणात चौकशी लागली. वरचे अधिकारी जीपमधून आले. चावडीवर सतरंजी अंथरली होती. पंच म्हणून मी पहिल्या ओळीत होतो. त्यांनी साहेबांना उभं करून विचारलं, "नकाशावर रेघ शेतातून आहे. बांध शिवेवर कसा? रेघ कुणी हलवली?"

मुकादम माझ्याकडे पाहत होता. मी सतरंजीच्या दोऱ्यांकडे पाहत होतो.

साहेब म्हणाले, "बांध तिथे ठेवला तो मी. जबाबदारी माझी."

अधिकाऱ्यांनी ते लिहून घेतलं आणि साहेबांनी सही केली. मी मूग गिळून बसलो. तिथे बसून मला काय वाटलं, हे प्रामाणिकपणे सांगायचं तर आधी सुटल्यासारखं वाटलं. लाज नंतर वाटली, आणि तीही हप्त्याहप्त्याने. त्या सहीपायी साहेबांची वेतनवाढ थांबली. त्यांच्या मागून आलेले लोक पुढे गेले. निवृत्त होईपर्यंत ते ज्या जागेवर राहिले, ती त्यांच्या योग्यतेची जागा नव्हती.

चौकशीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब माझ्या दारात सायकल टेकवून उभे. मला वाटलं, आता ऐकावं लागणार. ते म्हणाले, "नाना, चौकशी संपली. आता माती आणायची. चला."

"कुटली माती?"

"साळव्यांची. ओढ्याच्या वळणावर करंजाच्या खाली सगळा गाळ अडकलेला आहे. मी पाहून आलो. तुमच्या दोन बैलगाड्या लागतील, आणि तुम्ही लागाल."

आम्ही गयाबाईंकडे गेलो. वाटलं होतं, बाई हात जोडेल. गयाबाई म्हणाल्या, "माती आनताल, टाकताल. फुडच्या पावसात परत ओढ्यात. आदी नानांच्या रानातनं बांध नीट काढा, साहेबांच्या रेगंवरनं. मग माती आना. आन् तवर आमी काय खायाचं? नानांचा ओढ्याकाठचा तुकडा हाय, त्यात आमाला ज्वारी पेरू द्या."

मी उसळलो. "गया, तू अटी घालनार?"

"न्हाई घालत. मग ऱ्हाऊ द्या माती ओढ्यात," असं म्हणून त्या शेळीला पाला टाकायला वळल्या.

साहेबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. ते गयाबाईंना म्हणाले, "दोन्ही अटी रास्त आहेत. मी त्यांना मान्य करायला लावतो." आणि मला शेतात घेऊन गेले. तिथे त्यांनी जे दाखवलं, त्याने माझी मस्ती उतरली. फुटण्याआधी पाणी जिथवर तुंबलं होतं, तिथे काडीकचऱ्याची एक रेघ ओल्या मातीत उमटून वाळली होती. ती रेघ सापासारखी वळत होती. पाच-सहा पावलं वर, साहेबांच्या बाभळीच्या खुंट्यांची ओळ होती. दोन्हींची वळणं तंतोतंत जुळत होती.

"यंत्र उलटं दाखवतं," साहेब म्हणाले, "हे पाण्याने दाखवलंय. या वेळी मी पेटी उघडणार नाही. खुंट्या तुम्ही ठोका."

मी जुन्या खुंट्या उपटल्या आणि काडीकचऱ्याच्या रेघेवर नव्या ठोकत गेलो, माझ्या स्वतःच्या हाताने, माझ्या स्वतःच्या सर्वांत चांगल्या शेतातून. दुसऱ्या दिवशी साहेबांनी दुर्बिणीतून तपासलं. फरक कुठे एक बोट, कुठे दोन. ते म्हणाले, "एवढं आम्हालाही चुकतं."

ओढ्याकाठच्या माझ्या तुकड्यात गयाबाईंनी ज्वारी पेरली, दसऱ्यानंतर बांध झाला आणि संक्रांतीपर्यंत माती वाहिली. साहेबांची बदली झाली होती. वरच्यांना विनंती करून त्यांनी तेवढी मुदत मागून घेतली. रविवारी ते कर्जतहून सायकलवर येत, सदरा काढून खुंटीला अडकवत आणि गाळाच्या ढिगाऱ्याशी फावडं घेऊन उभे राहत. पहिल्या रविवारी मी गाडीवर बसूनच होतो. भावकीतले चुलते बांधावर येऊन मोठ्याने म्हणाले, "नाना, आता साळव्यांच्या रानात पाट्या टाकनार व्हय? घराण्याचं नाव काढलं!" साहेबांनी फावडं थांबवलं नाही. फक्त एक मोकळी पाटी माझ्याकडे सरकवली. मी खाली उतरलो. भावकी वर्षभर माझ्याशी बोलली नाही. त्याचं मला पुढे काही वाटेनासं झालं. कारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात गयाबाई मला काम सांगायला लागल्या होत्या, "नाना, हिकडं न्हाई, त्या खळग्यात टाका," आणि मी टाकत होतो.

किसन साळवे खडीच्या कामावरून परत आले, तेव्हा रान पुन्हा मातीने भरलेलं होतं. पुढच्या वर्षी त्या रानात बाजरी उभी राहिली. पहिल्यासारखी नाही. पहिल्यासारखी व्हायला सहा-सात वर्षं लागली. पण उभी राहिली, आणि माझ्या वेड्यावाकड्या शेतातही विहिरीला उन्हाळाभर पाणी टिकलं. औत वळवायला त्रास होतो. अजून होतो.

साहेबांच्या इतर कामाविषयी या ग्रंथात जाणकारांनी लिहिलं असेलच. जामखेडकडे, श्रीगोंद्याकडे त्यांनी किती ओढे अडवले, ते मला मोजून सांगता येणार नाही. मी पाहिलं ते एवढंच, की निवृत्त झाल्यावरही वैशाखात एसटीने ते बोरखळीत उतरत. हातात पिशवी, डोक्याला उपरणं. घरी येऊन पाणी पिण्याआधी सांडव्याकडे जात. त्यात झुडूप उगवलेलं दिसलं, की माझी खरडपट्टी. माझ्या मुलीला कृषी महाविद्यालयात पाठवायचं नाही असं मी ठरवलं होतं. हे कळलं त्या दिवशी त्यांनी पत्नीला, सुमनवहिनींना, बरोबर आणलं आणि दोघं माझ्या ओट्यावर बसून राहिले. मी हो म्हणेपर्यंत वहिनींनी चहाला हात लावला नाही. आज मुलगी त्याच खात्यात अधिकारी आहे. ती दुर्बिणीतून पाहते, तेव्हा आता माणसं सुलटी दिसतात म्हणे.

आता जे सांगायचं आहे ते सांगतो. गेली तीस वर्षं मी या तालुक्यातल्या अनेक सभांत साहेबांची ओळख करून दिली. प्रत्येक वेळी एक वाक्य ठरलेलं असे, 'आपली चूक मोठ्या मनाने कबूल करणारा अधिकारी.' लोक टाळ्या वाजवत. साहेब मान खाली घालून ऐकत. माझंच वाक्य ऐकून इतरांनीही ते उचललं, आणि या ग्रंथात आणखी दोन-तीन लेखांत तो प्रसंग आला असेल, अशी मला खात्री आहे. माझी हात जोडून विनंती आहे, की तो मजकूर वाचताना दुरुस्त करून वाचावा. ती चूक त्यांची नव्हती. रेघ मी हलवली. मुकादमाला खोटं मी सांगितलं. चौकशीत गप्प मी बसलो. ज्या माणसाने माझ्यापायी आयुष्याची बढती घालवली, त्याच्या कबुलीचं कौतुक मी तीस वर्षं व्यासपीठावरून करत होतो. याहून निर्लज्जपणा मला दुसरा माहीत नाही.

हे लिहिण्याआधी मी साहेबांना भेटलो. विचारलं, त्या दिवशी माझं नाव का घेतलं नाहीत? ते म्हणाले, "नाव घेतलं असतं तर तुम्ही भावकीला घेऊन आडवे बसला असता. बांध तिथेच राहिला असता. मला बांध हवा होता, नाना. आणि तो उभा राहू दिला मीच, तेवढी चूक माझीच आहे. तेवढी काढून घेऊ नका." मग म्हणाले, "लिहायचं असेल तर लिहा. पण गयाबाईंना विचारून लिहा. रान त्यांचं गेलं होतं."

मी गयाबाईंकडे गेलो. किसन आता नाहीत. बाई साठीच्या पुढे आहेत, नजर मात्र तीच. ओट्यावर बसलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "मला ठावं हुतं की."

"कसं?"

"कसं म्हंजी? तुमी कुदळीनं रेग वडीत हुता तवा मी पाटी घिऊन तितंच हुबी हुते. तुमी 'हाय' म्हनला, त्ये ह्या कानांनी ऐकलं."

"मग चौकशीत बोलला का न्हाई? इतकी वर्सं गप का बसला?"

"मी चावडीवर निगालीच हुती. साहेबांनी वाटंत गाठलं. म्हनले, गयाबाई, रान तुमचं गेलंय, बोलायचा हक तुमचा हाय. पर माझं ऐकाल तर आज थांबा. नानांना त्यांच्या तोंडानं सांगू द्या. म्हनलं, बरं. बगू, कवा सांगत्यात." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "लई येळ लावला, नाना."

घरी येऊन लिहायला बसलो.

साहेब, आपण आणि गयाबाईंनी मिळून माझी तीस वर्षं वाट पाहिलीत. माझ्यातला माणूस कधीतरी तोंड उघडेल यावर आपण जेवढा भरवसा ठेवलात, तेवढा माझ्या सख्ख्या भावकीने ठेवला नाही, आणि मीही ठेवला नव्हता. पंचाहत्तर वर्षं आपण उन्हातान्हात पायी काढलीत. पुढची वर्षं गुडघे शाबूत राहोत, नजर शाबूत राहो, वहिनींची साथ राहो, आणि वैशाखात बोरखळीच्या फाट्यावर आपण एसटीतून उतरताना आम्हाला अजून पुष्कळ वेळा दिसा. सत्काराच्या दिवशी मला बोलायला पाच मिनिटं दिली आहेत. छापलेलं कुणी वाचतं, कुणी वाचत नाही. म्हणून त्या दिवशी मी हेच सगळ्यांसमोर उभं राहून बोलणार आहे. समितीने गयाबाईंसाठी पहिल्या ओळीत खुर्ची राखून ठेवावी. त्या येणार आहेत. ऐकायला येते म्हणाल्या.

— नानासाहेब बळवंत गदादे
बोरखळी, ता. कर्जत